खालून सांगणारी

सकाळचं दूध त्या आठवड्यात दुसऱ्यांदा परत आलं.

दूध केंद्रावरच्या माणसाने पळी बुडवून नाकाशी नेली आणि कॅन पायाने बाजूला सारला. पायाने. हाताने सारला असता तर याचा हात काय झिजला असता का, असं सूनबाईच्या मनात आलं.

"पाचला काढलंय," ती म्हणाली.

"आणि आता साडेआठ झालेत. तीन किलोमीटर उन्हातून आणायचं, वर रांगेत तासभर. दूध आहे ते, दगड नाही. तुमच्या गावात थंड करायचं मशीन बसवा म्हणून किती वेळा सांगितलं. जागा आहे तुमच्याकडे. पण तिथे तुम्हाला नाटकं करायचीत."

रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, तरी सूनबाईचे कान तापले. तिने चुंबळ नीट केली आणि कॅन डोक्यावर घेतला. जाताना जेवढा जड होता त्याच्या दुप्पट जड तो येताना झाला होता.

मास्तरांची सून म्हणून तिला सगळं गावच सूनबाई म्हणायचं. मास्तर शाळेतले नव्हेत, नाटकातले. त्यांनी तरुणपणी एक नाटक लिहिलं होतं, 'नावाड्याचं घर', आणि तीस वर्षं दर उन्हाळ्यात ते एकच नाटक गावात होत आलं होतं. त्यासाठी गावाने स्वतः दगड वाहून, पत्रे चढवून एक लांबलचक इमारत बांधली होती. तिला नाटकघर म्हणत. घरटी दोन-चार जनावरं असलेलं हे गाव, म्हणून नाटक व्हायचं ते सकाळच्या आणि संध्याकाळच्या धारांच्या मधे. दुपारी एकला सुरू, चारला पडदा. यात तीस वर्षांत पाच मिनिटांचा फरक पडला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. तेव्हापासून गळ्यात दोरीने बांधलेली पाटी आणि खिशात खडू. दवाखान्यात खाटेवर पडल्यापडल्या त्यांनी पहिला शब्द लिहिला तो 'नाटक'. सूनबाई शेजारी उभी होती. "मी करीन नाटक, मामंजी. तुम्ही आधी बरे व्हा," असं ती बोलून गेली. आजारी माणसाला आपण काय वाटेल ते बोलतो. पण मास्तरांनी ते शब्दशः धरलं.

आणि यंदा दूध डेअरीच्या चेअरमनने बैठकीत सांगून टाकलं, "दोन वर्षं नाटकघराला कुलूप आहे. या उन्हाळ्यात नाटक झालं तर ती जागा नाटकाची. नाही झालं तर उन्हाळा सरताच कुलूप तोडायचं आणि मशीन आत." सगळ्यांनी माना डोलावल्या. सूनबाईच्या नवऱ्याने सगळ्यात आधी. त्याचं काही चुकत होतं असंही नव्हतं. ज्या बाईच्या डोक्यावर तो कॅन होता, तिला मशीन नको कसं असेल? पण शब्द दिला होता, आणि शब्द ऐकणारा माणूस रोज समोर बसून भाकरी दुधात कुस्करून गिळत होता.

नाटकाची माणसं बरीचशी जुनी होती. नावाड्याचं काम गावचा न्हावी वीस वर्षं करत होता. त्याला नुसतं ढकललं तरी तो स्टेजवर बोलायला लागे. घोडं अडलं होतं नावाड्याच्या मुलाच्या आणि मुलीच्या भूमिकांपाशी. त्याला तरुण माणसं लागतात, आणि तरुण माणसं गावात उरली होती मोजून दोन. निदान स्टेजवर उभं राहायला तयार असलेली तरी दोनच.

एक ट्रॅक्टरवाल्याचा मुलगा. त्याला हिरो म्हणत, आणि ही थट्टा आहे हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याचे नाचाचे व्हिडिओ मोबाइलवर लाखभर लोकांनी बघितले होते, असं तो सांगायचा. दुसरी किराणावाल्याची मुलगी, बुलबुल. आपल्यावाचून यांचं अडलंय, हे दोघांनी पहिल्याच दिवशी ओळखलं.

तालमीची वेळ दुपारी एकची. सूनबाई पहाटे उठून शेण काढायची, धारा काढायची, दूध पोचवायची, स्वयंपाक उरकायची आणि एकच्या ठोक्याला नाटकघरात हजर व्हायची. न्हावी दुकानाला कडी लावून यायचा. हिरो पावणेदोनला यायचा, मोटरसायकल दारातून आत आणायचा आणि आल्याआल्या छताकडे बघायचा.

"वहिनी, पंखा नाही का इथे?"

"कालही नव्हता."

"या पत्र्याखाली घाम गाळत अभिनय करायचा?"

"नावाड्याचा मुलगा आहेस. वल्हं मारणाऱ्याला घाम येतोच."

"ते प्रेक्षकांना वाटायला पाहिजे. खरा यायची काय गरज?"

न्हाव्याने कपाळाला हात लावला. सूनबाई खड्ड्यात उतरली.

हा खड्डा म्हणजे नाटकघराची जुनी खोड. स्टेजच्या पुढ्यात, बरोबर मधोमध, कमरेइतका खोल खणलेला. वर प्रेक्षकांच्या बाजूने पत्र्याची अर्धी टोपी, आत बसायला एक फळी. तिथे बसून वहीतलं वाक्य नटाच्या अर्धा क्षण आधी हळूच सांगायचं. तीस वर्षं मास्तरांनी हे केलं होतं. आता ते काम सूनबाईकडे आलं, कारण मास्तरांचं अक्षर तिच्याखेरीज कुणाला लागत नव्हतं. दोन वर्षं पाटी वाचून वाचून तिची नजर त्याला बसली होती. सुरुवातीला तिला तो खड्डा आवडलाही. दिवसभरात बूड टेकायला मिळे ते तिथेच. पण आठवड्याभरात पाठ धरली, गुडघे धरले, आणि वर उभ्या असलेल्या दोघांच्या चपला तोंडासमोर बघून बघून तिला त्यांचे अंगठेसुद्धा आवडेनासे झाले.

"पाठ झालं का?" तिने दहाव्या दिवशी विचारलं.

"पाठ कशाला करायचं?" हिरो म्हणाला. "तुम्ही आहात ना खाली."

"मी सांगते ते अडलं तर. तुझं पहिल्या शब्दापासून अडतं."

"मी नैसर्गिक करतो, वहिनी. पाठ केलं की ते पाठ केल्यासारखं वाटतं."

शेवटी पाठ झालं ते सूनबाईचंच. धारा काढताना ती पुटपुटायची. भुरी गाईला तर ते इतकं सवयीचं झालं की पहिल्या अंकातली नावाड्याची शिवीगाळ सुरू झाल्याशिवाय ती पान्हा सोडेना.

एकदा हिरोने वल्हं खाली टाकलं. नाटकात खरं वल्हं होतं, जुन्या लाकडाचं, चांगलं जड. त्याच्या तळहातावर दोन फोड आले होते आणि ते त्याने न्हाव्यापासून दाराबाहेरच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना दाखवले. थर्माकोलचं वल्हं आणा म्हणाला. सूनबाईने घरून मलम आणून त्याच्या हाताला लावलं.

"थंड वाटतंय. कसलं आहे?"

"गाईच्या आचळाला लावतो आम्ही."

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याच्या दारात जाऊन तिने त्याची समजूत काढली. मलमाबद्दल माफी मागताना तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

बुलबुलची गोष्ट वेगळी. ती वेळेवर यायची, पण आली तरी मोबाइलमधून बाहेर यायची नाही. आठ दिवस उरले असताना तिला शोध लागला की शेवटच्या प्रवेशात आपल्याला एकच शब्द आहे.

तो प्रवेश असा. बारा वर्षांनी मुलगा घरी परत येतो. बाप गेलेला. बहीण दार उघडत नाही. बंद दारासमोर उभा राहून तो बोलतो, बराच वेळ बोलतो, आणि शेवटी म्हणतो, दार उघडू नकोस, फक्त आतून म्हण की तू ऐकलंस. मग खूप वेळाने आतून एकच शब्द येतो. "ऐकलं." आणि पडदा.

"एका शब्दाचा व्हिडिओ होतो का?" बुलबुल म्हणाली. "आणि तोसुद्धा दाराआडून? मी दिसतच नाही. तिथे गाणं टाका माझं."

"अगं, तो शब्द ऐकायला लोक येतात."

"मग तो तुम्हीच म्हणा," असं म्हणून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सूनबाई किराणा दुकानात गेली. बुलबुलच्या आईने तिला बघितलं आणि गिऱ्हाइकाला साखर जोखत राहिली. "बसा जरा," असं म्हणून तिने तांदळाच्या पोत्याकडे बोट केलं. सूनबाई पोत्यावर बसली. गिऱ्हाइकं आली, गेली. एकाने तिला दुकानातलीच समजून काडेपेटी मागितली, ती तिने उठून दिली. तासाभराने आई म्हणाली, "नाजूक आहे हो ती. तिला मान लागतो." मग ओल्या केसांनी बुलबुल खाली आली. जाहिरातीच्या फलकावर तिचं नाव सगळ्यात आधी आणि दाराआड बसायला गादीची खुर्ची, एवढ्यावर सौदा पटला. गाण्याचं मात्र सूनबाईने मानलं नाही. तिथे तिचा आवाज असा चढला की तिलाच आश्चर्य वाटलं.

घरी नवरा कडबा तोडत होता.

"त्या दोघांच्या मिनतवाऱ्या करण्यात महिना घालवलास," तो म्हणाला. "तेवढ्यात मशीन बसून दूध गारसुद्धा झालं असतं."

"हो."

"तुझंच डोकं दुखतं कॅनने, माझं नाही."

"माहीत आहे."

तो बरोबर बोलत होता, याचाच तिला जास्त राग आला. ओट्यावर बसलेले मास्तर दोघांकडे बघत होते. त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि कुणी वाचायच्या आत हाताने पुसून टाकलं.

नाटकाच्या दिवशी साडेबारालाच नाटकघर भरलं. लोकांनी घरून चटया आणल्या, पुठ्ठ्याचे तुकडे वारा घ्यायला आणले. पहिल्या रांगेत मास्तर, धुतलेल्या सदऱ्यात, पाटी पोटावर. त्यांच्या शेजारी चेअरमन, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. पत्रा नुसता भट्टीसारखा तापला होता.

एक वाजला. हिरो नाही. दीड वाजला. पावणेदोनला निरोप आला की तो शहरातून कॉलरचा माइक आणि भोंगा आणतोय. सूनबाई दारात उभी होती. तिच्या अंगाचा तिळपापड होत होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगत होती, "आत्ता येईल, रस्त्यात आहे." सव्वादोनला तो आला.

"माइकची काय गरज होती रे? तीस वर्षं शेवटच्या चटईपर्यंत आवाज जातोय."

"इथे जातो. व्हिडिओत कुठे जातो?"

पडदा वर गेला तेव्हा अडीच वाजले होते. हिशेब कुणालाही येत होता: साडेपाचशिवाय संपणार नव्हतं. पाचला जनावरं हंबरायला लागतात आणि सहाला केंद्राची गाडी निघून जाते.

माइक कॉलरला लावला होता, पण त्याचे कान लांब होते. सूनबाईने खड्ड्यातून सांगितलेलं वाक्य आधी भोंग्यातून घुमायचं, मग तेच हिरो बोलायचा. पहिल्या अंकात लोक हसले. न्हावी बापाचं मरण इतकं जीव ओतून मेला, तेव्हासुद्धा मधेच कुणीतरी खुसखुसलं. मध्यंतरात तिने हात जोडले.

"काढ तो माइक."

"काढला तर आवाज कुठून येणार? तुम्हीच हळू सांगा."

ती हळू सांगू लागली. इतकं हळू की तिचं तिलाही जेमतेम ऐकू येई.

शेवटचा अंक सुरू झाला आणि बाहेर पहिली गाय हंबरली. मग दुसरी, मग वेशीपर्यंतची सगळी. भुरीचा आवाज तिने त्यात ओळखला. आता उठतील, सूनबाईला वाटलं. कासा दाटल्या असताना कोण बसेल? तिने कान दिला. चटया सरकल्याचा आवाज येईना.

हिरो बंद दारासमोर येऊन उभा राहिला. दाराआड बुलबुल गादीच्या खुर्चीत बसली होती.

सूनबाईने वाक्य सांगितलं. तो गप्प. तिने पुन्हा सांगितलं. हंबरण्यात त्याला ते ऐकू गेलं नाही. तो खड्ड्याकडे वाकला आणि दातांतून बोलला, आपल्या मते अगदी दबक्या आवाजात:

"अहो, मोठ्याने बोला की. झोप लागली का खड्ड्यात? धारा काढायची घाई असेल तर जा, दुसऱ्या कुणाला तरी बसवा."

हे सगळं भोंग्यातून चारशे माणसांनी ऐकलं.

कुणी हसलं नाही. सूनबाईच्या मानेवरून घाम ओघळत होता, गुडघ्यात कळ होती, हातात वहीवर धरलेली बॅटरी होती. तिला वाटलं, दीड महिना. दीड महिना मी यांच्या दारात उभी राहिले, पोत्यावर बसले, मलम लावलं. तिने वही मिटली. बॅटरी विझवली. पडू दे आता. कुलूप तोडा, मशीन आणा, उद्यापासून दूध गार करा. असं ठरवल्यावर तिला बरंसुद्धा वाटलं.

हिरो तसाच वाकून उभा होता. मग सरळ झाला. त्याने प्रेक्षकांकडे बघून हसल्यासारखं केलं. त्याचा श्वास भोंग्यातून ऐकू येत होता.

तेवढ्यात मागून कुठून तरी फाटका आवाज आला.

"दार उघड, ताई."

गावची सुईण होती. तिची ऐंशी कधीच उलटली होती, आणि इथे बसलेली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली होती.

हिरोने त्या दिशेला बघितलं. "दार उघड, ताई," तो म्हणाला.

"मी पाण्यातून आलोय, रस्त्याने नाही," भिंतीकडून कुणा पुरुषाचा आवाज आला, आणि त्याच्या शेवटच्या शब्दाला आणखी चौघे मिळाले. पुढचं वाक्य एकाच्या तोंडचं राहिलंच नाही. "बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या नावा वल्हवल्या. प्रत्येक काठाला उतरलो. घर कुठल्याच काठाला नव्हतं." ओरडून कुणी म्हणत नव्हतं. घरात बसून स्वतःशी बोलावं तसं सगळे म्हणत होते, बायका, म्हातारे, कडेवर पोरं घेतलेले बाप. बाहेर गाई हंबरत होत्या आणि एकही माणूस उठत नव्हता. हिरो त्यांच्यामागून अर्धा अर्धा शब्द उचलत होता.

"उघडू नकोस. फक्त आतून म्हण, की तू ऐकलंस."

आता बुलबुलचा शब्द. लोक थांबले. नेहमी थांबायचे तेवढं थांबले, मग आणखी थोडं. दाराआडून काही येईना. आपली वेळ झाली हे खालून सांगितल्याशिवाय तिला कळणार नव्हतं, आणि खालून सांगणारीने वही मिटली होती.

सूनबाई फळीवर उलटी वळली आणि पत्र्याच्या टोपीच्या कडेवरून तिने पहिल्यांदाच प्रेक्षकांकडे बघितलं. समोरच मास्तर होते. त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता, तरी शब्द ओठांवर स्पष्ट होता. आणि त्यांच्या मागून सगळं नाटकघर एकदमच, हलक्या आवाजात म्हणालं,

"ऐकलं."

पडदा न्हाव्याने ओढला. सूनबाईला रडू आलं, आणि खड्ड्यात असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही याचं तिला बरं वाटलं.

टाळ्या वाजवायला कुणी थांबलं नाही. सगळे आपापल्या गोठ्याकडे धावले. चेअरमन तेवढा मागे राहिला. पंच्याने तोंड पुसत म्हणाला, "राहू दे नाटकघर. मशीनला दुसरी जागा बघू." मग पंचा खांद्यावर टाकत, "बघू म्हणजे, पुढच्या वर्षी बघू."

त्या संध्याकाळी गावातल्या कुणाचंच दूध गाडीला लागलं नाही. नवऱ्याने धारा काढल्या, सूनबाईने मोठ्या पातेल्यात दूध तापत ठेवलं. तो चुलीपाशी येऊन उभा राहिला.

"तुम्हीपण म्हणालात का हो सगळ्यांबरोबर?" तिने विचारलं.

"मी कशाला म्हणू?" तो म्हणाला. मग पातेल्यातलं दूध ढवळत म्हणाला, "सुईणीचं चुकलं. 'दार उघड'नंतर थांबायचं असतं. मग 'ताई'."

अंगणात मोटरसायकल वाजली. हिरो आला होता, अजून कॉलरला माइक.

"वहिनी, बघितलंत? पब्लिकला कसं खेळवलं! सगळ्यांना बरोबर म्हणायला लावलं. असं आजवर इथे कुणी केलं नसेल." त्याने पुढे केलेल्या मोबाइलवर तोच दिसत होता. "पुढच्या वर्षी मात्र तुमचा आवाज जरा वाढवा. आणि फलकावर माझं नाव आधी."

दीड महिना सगळ्यांचे शब्द तोंडात घेऊन फिरलेली बाई ती, आणि आता स्वतःचा एक सापडेना. ओट्यावर मास्तरांचा खडू करकरला. त्यांनी पाटी तिच्याकडे वळवली, पण हिरो मधे उभा होता, त्यानेच मोठ्याने वाचलं.

"खड्डा बुजव." त्याने वर बघितलं. "म्हणजे काय?"

मास्तरांनी पाटी खाली ठेवली आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध केंद्राने घेतलं. ऊन जरा मऊ होतं. परत आल्यावर सूनबाईने रिकामा कॅन दारात पालथा घातला, फावडं आणि घमेलं घेतलं आणि ती नाटकघरात गेली. मास्तर आधीच खुर्ची टाकून बसले होते. तिने फळी काढली, पत्र्याची टोपी उचलून बाजूला ठेवली आणि मागच्या ढिगातली माती आणून ओतायला लागली. सहा घमेली झाली. घाम डोळ्यांत गेला, तो तिने दंडाला पुसला.

हिरो दारात येऊन उभा राहिला. मोटरसायकल आज त्याने बाहेरच ठेवली होती.

"अहो वहिनी, खरंच बुजवताय? मग खालून कोण सांगणार?"

तिने घमेलं ठेवलं. कमरेला खोचलेली वही काढली आणि त्याच्या हातात दिली.

"स्वतःच्या हाताने उतरवून घे आणि मूळ वही परत आण. बुलबुललाही दे. अकरा महिने आहेत."

"हे अक्षर? हे वाचायचं कसं?"

"अडलं तर मामंजींना विचार. ते लिहून सांगतील."

तो वही उलटसुलट करत उभा राहिला. मास्तरांनी शेजारची चटई काठीने पुढे ढकलली. हिरोने चटईकडे बघितलं, छताकडे बघितलं, पंखा आजही नव्हता. सूनबाईने सातवं घमेलं उपडं केलं आणि माती पायाने दाबली.